भरल्या घागरीचा संसार

आमच्या मंडळाच्या ग्रंथसंग्रहात ‘स्मृतिचित्रे’ची जी प्रत आहे, तिचा पुठ्ठा आजवर तीन वेळा बदलावा लागला. देवघेवीच्या जुन्या वहीत तिच्या नावापुढे जितक्या सह्या सापडतात, तितक्या एखाद्या गाजलेल्या कादंबरीपुढेही सापडत नाहीत. आणि त्या सह्यांपैकी बहुतेक गृहिणींच्या आहेत. बदलीच्या गावी नुकतेच बिऱ्हाड थाटलेले, पेट्या अजून पुरत्या उघडलेल्या नाहीत, शेजारणीची भाषा कळत नाही, पाटा-वरवंटा मिळाला तर खलबत्ता मिळत नाही, अशा दिवसांत हे पुस्तक आमच्यातील अनेकींनी वाचले. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत थोर पुरुषांची चरित्रे यावयाची असा प्रघात आहे. आम्ही मात्र या वेळी एका बाईचे, किंबहुना तिच्या स्वयंपाकघराचे, चरित्र सांगावयाचे ठरविले आहे. ती बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूर या गोदाकाठच्या खेड्यातला. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. घरात सगळे ‘मनू’ म्हणत. वडिलांना नाना म्हणत. नानांच्या सासऱ्यांना १८५७च्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या धक्क्याने म्हणा किंवा आणखी कशाने म्हणा, नानांच्या मनात सोवळ्याचे भूत शिरले ते अखेरपर्यंत निघाले नाही. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्यावाचून घरात यावयाची नाही. धान्य तर धुवावयाचेच, पण मीठसुद्धा धुवावयाचे! मिठाला पाणी लागल्यावर काय उरणार, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारावयाचा नसे. घरातल्या बायकांचा जन्म पाण्याच्या घागरी वाहण्यात आणि पुन्हा पुन्हा न्हाण्यात जाई. लहान मुलांनी बाहेर कुणाला शिवावयाचे नाही, बाहेरच्यांनी आत काही आणावयाचे नाही, आणि चुकून शिवाशीव झालीच तर नानांच्या रागाला सीमा नाही.

आम्हांला या प्रकरणात विशेष वाटते ते असे, की पुढे सत्तरीच्या उंबरठ्यावर आलेल्या लक्ष्मीबाईंनी हे सारे लिहिताना वडिलांविषयी कडवटपणाचा एक शब्दही लिहिला नाही. त्या हसतात. धुतलेल्या मिठाला हसतात, धुणाऱ्याला नव्हे. ज्या घरात श्वास कोंडावा त्याच घराची आठवण त्यांनी वाचकाला हसवीत सांगितली, आणि हसता हसता त्या घरातल्या आईचे काय होत असेल हे वाचणाऱ्याच्या आपोआप ध्यानी येते.

मनूचे बरेचसे बालपण मावशीच्या घरी नाशिकास गेले. मावशीचे यजमान गोविंदराव खांबेटे यांनी तिला पोटच्या मुलीसारखे वाढविले. १८८० साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचे लग्न झाले. नवरा मुलगा नारायण वामन टिळक, जन्म १८६१चा, कोकणातल्या करजगावचा. वडिलांच्या कोपिष्टपणाला कंटाळून लहानपणीच घराबाहेर पडलेला, भटकून शिकलेला, संस्कृतात आणि कवितेत रमलेला. बायकोला वाचावयास-लिहावयास येत नव्हते. टिळकांनी तिला अक्षरे शिकविली. पण हे गुरुजी एका जागी टिकत नसत. मनात आले की निघाले. कुठे, किती दिवस, याचा घरी पत्ता नाही. आज नोकरी, उद्या राजीनामा. नागपुरास आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते काही काळ राहिले, तेथे ‘ऋषि’ नावाचे मासिक चालविले. तेथून राजनांदगाव संस्थानात. आमच्या मंडळींपैकी ज्यांची उमर मध्य प्रदेश-छत्तीसगडात गेली, त्यांना हे नाव वाचून आपल्याच घरचे कुणी भेटल्यासारखे वाटेल. नव्वदीच्या वर्षांत लक्ष्मीबाईंनीही परमुलखात बिऱ्हाड मांडले होते. मुले झाली, गेलीही. १८९१ साली जन्मलेला दत्तू तेवढा जगला.

टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे. पगार घरी पोहोचण्यापूर्वीच वाटेत कुणी गरजू भेटे, आणि गरजू भेटला नाही तर एखादी सुंदर वस्तू नजरेस पडे. महिनाअखेरीचा हिशेब मांडावयास हिशेबाला काही उरावे तर लागते! लक्ष्मीबाई संतापत, भांडत, आणि मग त्याच भांडणातले काही विनोदी सुचून दोघेही हसत सुटत. हे वाचावयास गोड आहे, करावयास सोपे नव्हते. त्या काळच्या बाईला घरखर्चाचा हट्ट धरण्याइतकाही अधिकार नसे. ज्याला आपण साधी राहणी म्हणतो, ती पुष्कळ घरांत एकाने पत्करलेली आणि दुसरीवर लादलेली असते. टिळकांच्या संसारातही आरंभी तसेच होते, हे आम्ही लपवू इच्छीत नाही.

१८९३ साली आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाची गाठ पडली, त्याने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी सांगितले नव्हते. मिठालाही पाणी लावणाऱ्या घरातली लेक, आणि तिचा नवरा एका दिवसात जातीबाहेर! लक्ष्मीबाईंची त्या वेळची अवस्था त्यांच्याच पुस्तकात वाचावी. शुद्ध हरपावी, वेड लागावे, अशा त्या दिवसांतून त्या निभावल्या. पुढची सुमारे साडेचार वर्षे त्या लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाला राहिल्या. नाशिक, जलालपूर, बहिणीच्या घरी पंढरपूर. याच दिवसांत, शुद्धलेखनाची फारशी ओळख नसलेली ही बाई कविता रचू लागली. दुःख सांगावयास दुसरे कुणी नसले की माणूस कवितेला सांगते.

पुढे टिळकांकडे जावयाचे लक्ष्मीबाईंनी ठरविले. धर्म पटला म्हणून नव्हे. नवरा नवराच आहे म्हणून. नगरला दोघांची पुन्हा गाठ पडली, पण एक अट घालून. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, चूल वेगळी. एका कुटुंबाच्या दोन चुली पेटल्या. नवऱ्याने बायकोच्या पाण्याला शिवावयाचे नाही, बायकोने नवऱ्याच्या ताटातले खावयाचे नाही. आणि आश्चर्य असे, की टिळकांनी ते मानले. ज्यांनी एवढा मोठा निर्णय बायकोला न विचारता घेतला, त्यांनीच तिच्या चुलीपुढे मात्र एक शब्दाची सक्ती केली नाही. उपदेश करण्याचा मोह कवीला आणि धर्मोपदेशकाला केवढा असतो! तो त्यांनी कसा आवरला असेल, हे तेच जाणोत. आमच्या मते टिळकांच्या आयुष्यातील सर्वांत थोर गोष्ट ही, आणि तिचा उल्लेख त्यांच्या चरित्रकारांपेक्षा त्यांच्या बायकोने अधिक प्रेमाने केला आहे.

बदल घडला तो राहुरीस. तेथे लक्ष्मीबाईंच्या मनाने आपल्याशीच एक वाद घातला. जाती देवाने केल्या की माणसाने? पशूंत आणि पक्ष्यांत देवाने जे भेद केले ते डोळ्यांना दिसतात. गाय वेगळी दिसते, घोडा वेगळा दिसतो. माणसामाणसांत तसे काही दिसत नाही. मग जो भेद देवाने दाखवून दिला नाही, तो आपण घागरीच्या पाण्यात कुठून आणला? शास्त्री-पंडितांच्या सभेत कदाचित हा युक्तिवाद टिकणार नाही. एका स्वयंपाकघरापुरता तो पुरेसा होता. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले, कुणाच्याही घरचे अन्न चालू लागले.

वाचताना आम्ही येथे नेहमी थांबतो. नानांच्या घरी पाणी हे शिवाशिवीचे मोठे शस्त्र होते. सगळे पाण्याने धुवावयाचे, आणि पाणीच सर्वांपासून जपावयाचे. लेकीने राजवाडा सोडला नाही, अरण्यात गेली नाही. तिने फक्त पाणी कुणाच्याही हातून घ्यावयाचे ठरविले. घरातल्या घरात झालेला एवढासा बदल! पण त्याने किती ओझे उतरले, ते घागरी वाहिलेल्या बाईलाच कळावे. दुसऱ्या चुलीचे सरपण वाचले, दुसऱ्या हंड्याचे पाणी वाचले, दुपारच्या दुसऱ्या स्नानाचा वेळ वाचला, आणि मुख्य म्हणजे दिवसभर आपल्याला कोण शिवेल याची जी धास्ती मनात वसत होती ती गेली. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. तो त्यांचा त्यांचा प्रवास. त्या वाटेने कुणी जावे न जावे, हा या लेखाचा विषय नव्हे. धर्मांतरापूर्वीच चुलीपाशी झालेले हे अंतर आम्हांला महत्त्वाचे वाटते.

चूल एक झाली, आणि मग त्या चुलीवर जेवणाऱ्यांची संख्या वाढत गेली. विसाव्या शतकाच्या आरंभीची ती वर्षे म्हणजे दुष्काळाची आणि प्लेगची. पोरकी झालेली मुले टिळक घरी घेऊन येत. कधी विचारून, बहुधा न विचारता. लक्ष्मीबाई आधी कपाळाला हात लावीत आणि मग त्याच हाताने पीठ मळावयास घेत. कुणाचे नाव काय, जात कोणती, किती दिवस राहणार, याची चौकशी त्या घरात मागून होई; भाकरी आधी होई. ताटे पुरत नसत, पांघरुणे पुरत नसत. आहे तेवढ्यात सर्वांचे भागवावयाचे, आणि ते भागले की त्याची मोठी मौज वाटावयाची, असा त्या घराचा खाक्या होता. पैशाची चणचण कधी संपली नाही. तिची भीती मात्र संपली.

त्याच घरात एक कवीही वाढला. खानदेशातला त्र्यंबक बापूजी ठोमरे, आपले बालकवी, नगरला टिळकांकडे राहावयास आला आणि लक्ष्मीबाईंचा मुलगाच होऊन गेला. लहरी, रुसणारा, क्षणात हसणारा असा तो तरुण त्या गजबजलेल्या घरात सामावला. त्याचे रुसवे काढणे हेही लक्ष्मीबाईंच्या रोजच्या कामांतले एक काम झाले. मराठी कवितेचे इतिहासकार बालकवींवर टिळकांचा संस्कार किती, याची चर्चा करतात. त्यांना वेळेवर जेवू कोणी घातले, याचीही नोंद कुठेतरी असावी! १९१८च्या मे महिन्यात बालकवी भादलीजवळ रेल्वेखाली सापडून गेले. लक्ष्मीबाईंना तो पुत्रशोकच होता.

येथे थोडे थांबून आमच्याविषयी लिहावेसे वाटते. आमच्या वसाहतीत पूर्वी अनेक घरांत दोन चुली नव्हत्या, पण दोन माठ होते. मोलकरणीचा पेला वेगळा, खिडकीत उपडा ठेवलेला. परमुलखात आलो, शेजारी कुणी तेलुगू, कुणी बंगाली, कुणी पंजाबी. त्यांच्या मुलांनी आमच्या मुलांबरोबर खेळावे हे चालत होते, पण त्यांच्या घरचे खाऊन आलेल्या मुलाकडे आजी संशयाने पाहत असे. या घरांतून ते पेले केव्हा आणि कसे नाहीसे झाले, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. ठराव झाला नाही, व्याख्यान झाले नाही. एका उन्हाळ्यात पाण्याचा तुटवडा पडला, टँकर आला, सगळ्यांच्या बादल्या एका रांगेत लागल्या, आणि कुणाची बादली कोणी भरली हे पाहावयास कुणाला सवड झाली नाही, एवढे आम्हांला आठवते. त्यानंतर तो खिडकीतला पेला पुन्हा दिसला नाही.

असो. पुन्हा टिळकांच्या घराकडे वळू. १९१७ साली, पंचावन्न उलटल्यावर, टिळकांनी मिशनच्या पगारावरही पाणी सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारावयास ते निघाले. ज्या वयात माणसे पेन्शनचा हिशेब करतात त्या वयात! लक्ष्मीबाईंनी पुन्हा भांडी बांधली. आम्हांला टिळकांच्या या निर्णयाविषयी आदर आहे. पण बांधलेली भांडी कोण सोडते, कोण मांडते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. टिळक वैराग्याकडे उडी घेऊ शकत होते, कारण खाली झेलावयास एक खंबीर संसार होता. लक्ष्मीबाईंनी कधी हे बोलून दाखविले नाही. त्यांनी फक्त त्या त्या दिवसांच्या गोष्टी सांगितल्या आहेत, आणि त्यात डब्यातले पीठ किती उरले होते हेही सांगितले आहे.

दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या आसपास होत्या. हाती धन नाही, शिक्षणाचा कागद नाही. मुंबईत मुलींच्या एका वसतिगृहाची देखभाल करण्याचे काम त्यांनी पत्करले. पुष्कळ पोरांचे घर चालविण्याचा अनुभव गाठीस होताच. पुढे मुलाच्या, देवदत्तांच्या, संसाराबरोबर त्या कराचीस गेल्या. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. तेथे मराठी माणसांची चांगली वस्ती होती, आणि नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाचे हायस्कूलही होते. ते हायस्कूल त्याच नावाने पुढेही चालत राहिले. समुद्राचा वारा, उंटगाड्या, सिंधी बाजार, आणि त्यात एक नाशिककडची म्हातारी बाई. दूरदेशी राहणाऱ्या आम्हा कुटुंबांना त्यांचे हे कराचीचे पर्व विशेष जवळचे वाटते. उतारवयात परक्या गावी जाऊन माणसे जोडावयाची, नातवंडांना गोष्टी सांगावयाच्या, आणि आपण कुठल्या हे विसरावयाचेही नाही!

त्या पुस्तकाचा जन्मही घरगुतीच आहे. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते; आईने आपल्या आठवणी टिपून द्याव्यात अशी त्यांची विनंती होती. आई टिपू लागली, आणि टिपता टिपता ते टिळकांचे चरित्र राहिले नाही. त्यात जलालपूरचे घर आले, मावशी आली, धुतलेले मीठ आले, पोरकी मुले आली, भांडणे आली, हसणे आले. ‘संजीवनी’ साप्ताहिकात या आठवणी क्रमशः येऊ लागल्या, आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ हे नाव घेऊन चार भागांत पुस्तकरूपाने निघाल्या. मराठी पंडितांनी चकित व्हावे असे ते गद्य आहे. ओट्यावर बसून शेजारणीशी बोलावे तसे बोलत जाते, आणि कुठेही आपण काही मोठे सांगत आहोत असा आव नाही. कारण उघड आहे. लिहिणारीला पुस्तकी भाषा येतच नव्हती. अज्ञानाचा एवढा लाभ साहित्याला क्वचितच झाला असेल. पुढे जोसेफाइन इन्क्स्टर यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, आणि २०१७ साली शांता गोखले यांनी ते नव्याने समग्र इंग्रजीत आणले. आमच्या ज्या नातवंडांना मराठी वाचावयास अवघड जाते, त्यांच्या हाती आम्ही आता हा दुसरा अनुवाद देतो.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले होते आणि थोडेच अध्याय लिहून ते गेले. उरलेले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. नवऱ्याने अर्धवट टाकून दिलेले किती संसार त्यांनी आवरले होते. हे काव्यही त्याच रीतीने आवरले. १९३३ साली नाशिकास भरलेल्या कविसंमेलनाच्या अध्यक्षस्थानी त्यांना बसविण्यात आले. ज्या शहरात मनू म्हणून त्या वाढल्या, ज्या शहरात नवरा बाटला म्हणून लोकांनी त्यांच्याकडे बोट दाखविले, त्याच शहरात. त्यांच्या कवितांचा संग्रह त्यांच्या मागे निघाला, त्याचे नाव ‘भरली घागर’.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकास त्यांचे देहावसान झाले. तेथून जलालपूर जवळच, गोदावरी तीच. पुढच्याच एप्रिलात सिंध प्रांत मुंबई इलाख्यापासून वेगळा झाला आणि कराचीच्या मराठी मंडळींचा पत्ता बदलला. त्याच वर्षी ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग वाचकांच्या हाती आला. आमच्या ग्रंथसंग्रहातील प्रतीत चारही भाग एकत्र बांधलेले आहेत. राहुरीच्या पानांवर हळदीच्या बोटांचा एक फिकट ठसा आहे. तो कुणाचा, हे विचारावयास आता जुन्या सभासदांपैकी फारसे कुणी उरलेले नाही; पुठ्ठा बदलताना आम्ही ते पान तसेच ठेवले.